टोपल्या किती?

हातात कागद आला की बाई आधी तो उलटा करायच्या. मग ते बसचं तिकीट असो, औषधाच्या दुकानाची पावती असो, नाही तर कुणाची लग्नपत्रिका. कोरी बाजू वर आली की पेनाने एक उभी रेघ, एक आडवी रेघ, भोवती चौकट. झाली चार घरं. "हां, आता बोल," म्हणायच्या. समोरच्याने जे काही छातीठोकपणे सांगितलं असेल ते त्या चार घरांत मांडायचं. मांडून झालं की चष्म्यावरून बघत त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "टोपल्या किती?"

पनवेलच्या लाइन आळीत तुमचं येणं-जाणं असेल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. ठेंगण्या, सावळ्या, सुती साडी घोट्याच्या जरा वरच नेसलेली. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत छत्री आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. चालायच्या अशा, की वाटावं कुणाचं तरी खोटं पकडायला निघाल्यात. बहुतेक वेळा तसंच असायचं.

बाई मूळच्या करंजा गावच्या. आई बंदरावर मासळी निवडायची. होडी लागली की मासळी फळीवर ओतली जायची, आणि लिलावाआधी आई तिच्या टोपल्या करायची. आधी जात वेगळी, मग मोठी-लहान वेगळी. घाईत कुणी सगळी एकत्र भरली की वर चार मोठी पापलेटं आणि खाली चुरा. आई म्हणायची, "मिसललेल्या टोपलीचा भाव खोटा." बाई संख्याशास्त्र शिकल्या, मुंबईच्या एका इस्पितळात तीस वर्षं आजारांचे तक्ते केले आणि निवृत्त होऊन पनवेलला आल्या. "मी आईचंच काम केलं," म्हणायच्या. "फक्त मासळीच्या जागी माणसं."

ज्या पद्धतीने त्या तक्ते करायच्या, तिला म्हणे परदेशातल्या तीन मोठ्या लोकांची नावं आहेत. बाईंनी ती माझ्यासमोर कधी घेतली नाहीत. "पद्धत माझ्या आईची हाय," एवढंच. रागात किंवा मजेत असल्या की त्यांच्या शुद्ध बोलीतून करंजा असा वर यायचा.

मासळी बाजारात तर त्यांची दहशत होती. कोळंबीचा वाटा घेताना त्या तो सरळ फळीवर उलटा करायच्या आणि खालची कोळंबी वर आणून बघायच्या. लांबून दिसल्या की बायका ओरडायच्या, "आली गो आली, टोपली उलटवनारी आली!"

"आले तर काय झालं? भितंस कशाला?" बाई म्हणायच्या. "तुजी खालची बारीक नसंल तर भ्यायचं काम नाय."

"तुमाला मासली नको, परीक्षा पायजे."

"परीक्षाच पायजे. मासली त्यातनं येते."

एकदा शेजारच्या वहिनी सांगत होत्या की अमक्या मोठ्या डॉक्टरकडे जाऊ नका, त्याच्याकडे माणसं फार दगावतात, त्यापेक्षा नाक्यावरचा बरा. बाईंनी वहिनींच्याच हातातल्या विजेच्या बिलाची पाठ वर केली. चार घरं. "टोपल्या किती केल्यात?"

"कसल्या टोपल्या?"

"सर्दी-पडशाचे पेशंट एका टोपलीत, मरणाच्या दारातले दुसऱ्या. नाक्यावरचा दुसरी टोपली कुणाकडे पाठवतो?"

वहिनी विचार करून म्हणाल्या, "त्या मोठ्याकडेच."

"मग बिचारा काय करेल? घ्या हे बिल, भरायचंय ना?"

आता माझं सांगते. मी पत्रकांवर वाढले. बाबा कामगार चळवळीतले. आमच्या घरी पलंगाखाली चपला नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. अक्षरओळखही मी त्यांच्यावरच केली, त्यामुळे मला उद्गारचिन्ह पूर्णविरामाच्या आधी आलं. आमच्या घरातून पत्रकं निघायची, मागे कधी घेतली जायची नाहीत.

माझं स्वतःचं पहिलं पत्रक उलव्याच्या मजूर वस्तीवर होतं. तिथे टॉवर उभे राहतात त्या वेगाने गवतही वाढत नाही, आणि ते टॉवर बांधणारी माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहतात. मी घरोघर फिरले. टँकरचं पाणी पिणाऱ्या घरांत मुलांना जुलाब जास्त, नळाचं पिणाऱ्या घरांत कमी. स्वच्छ दिसत होतं. मी मथळा दिला, "टँकरमधून विष!" आणि पाचशे प्रती काढल्या.

लाइन आळीच्या झेरॉक्सच्या दुकानात शेवटच्या प्रती निघत होत्या, तेव्हा रांगेत मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी न विचारता एक उचलली. वाचली. उलटी केली. पेन काढलं.

"तू लिहिलंस? चांगलं लिहितेस," त्या म्हणाल्या. "टोपल्या किती?"

मला वाटलं, यांना टोपल्या विकायच्या आहेत.

त्यांनी मला काउंटरपाशीच उभं केलं आणि माझ्या वहीतल्या घरांच्या दोन टोपल्या करायला लावल्या. पत्र्याच्या खोल्या एकीकडे, पक्क्या इमारती दुसरीकडे. मग प्रत्येक टोपलीची वेगळी चार घरं. पत्र्याच्या खोल्यांत टँकरवाली मुलं जितकी आजारी, तितकीच नळवाली. इमारतींत टँकरवाली जितकी कमी आजारी, तितकीच नळवाली. टँकर कुठेच उरला नाही. झालं होतं असं की टँकर मुख्यतः पत्र्याच्या खोल्यांकडे जात होता, आणि त्या खोल्यांमधून उघडं गटार वाहत होतं. संडास एकही नव्हता.

"विष आहे," बाई म्हणाल्या. "पण तू दाखवतेस तिथे नाही."

"पण पाचशे प्रती निघाल्या!"

"मग पाचशे वेळा खोटं होईल."

मी भांडले. हे तुमचं पुस्तकी ज्ञान गरिबांच्या काय कामाचं, असंही म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि झेरॉक्सवाल्याला म्हणाल्या, "हिच्या पाचशेच्या पाठी कोऱ्या आहेत. दुसऱ्या बाजूने छापायचं काय घेशील?"

अशा रीतीने आमच्या घराण्यातलं पहिलं मागे घेतलेलं पत्रक निघालं. पुढून टँकर, त्याच्यावर काट. मागून "आमची चूक झाली" आणि खाली गटार व संडासांची मागणी. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्या बाईंना एकदा जेवायला बोलव."

त्यानंतर मी त्यांची पाठ सोडली नाही. आणि खरी गरज पडली ती जासईच्या यार्डाच्या वेळी.

तुम्ही त्या रस्त्याने गेला असाल तर कंटेनरच्या भिंती पाहिल्या असतील. कामगार त्यांना डबे म्हणतात. काही डब्यांत कीड लागू नये म्हणून माल भरतानाच विषारी वायू कोंडतात. डबा समुद्र पार करून येतो, वायूही येतो. यार्डात सील तोडून दार उघडायचं आणि आत शिरायचं, हे काम कंत्राटी माणसांचं. मुखवटा नाही, मोजमाप नाही. दार उघडून डबा तासभर तसाच ठेवला, वायू मोजला आणि मग माणूस आत सोडला तर काय बिघडतं? वेळ बिघडतो. आणि वेळ माणसापेक्षा महाग!

संतोष सात वर्षं दारावर, म्हणजे डबे उघडण्याच्या कामावर होता. अडतीस वर्षांचा माणूस, दोन जिने चढला की कठडा धरून उभा राहायचा. दम लागायला लागल्यावर यार्डाने त्याला झाडूवर टाकलं. त्याचा मेहुणा मात्र अजून दारावरच होता. "माजं जाव दे," तो म्हणायचा, "पन त्यो तिथंच हाय ना. बायको रोज इचारते, आज त्यो खोकला का म्हनून."

आमच्या युनियनने कामगार कार्यालयात तक्रार लावली. मागण्या दोन, डबा उघडल्यावर थांबा आणि मोजा, आणि मुखवटे द्या. यार्डाचं उत्तर ठरलेलं होतं, दमा कुणालाही होतो, दाराशी संबंध दाखवा. बाईंनी आम्हाला फॉर्म करून दिला. वय काय, आज काम कोणतं, दम लागतो का. आम्ही महिनाभर गेटबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर बसून कामगारांना विचारत राहिलो.

सुनावणीला चार दिवस राहिले असताना मी सगळे कागद मोजले आणि चार घरं भरली. दारावरच्या लोकांत दम्याचं प्रमाण जितकं, तितकंच इतरांत. उलट दारावरच्यांत किंचित कमीच.

युनियनचे सेक्रेटरी म्हणाले, "फाडून टाक. आपण आकड्यांशिवाय लढू. आजवर काय आकड्यांवर लढलो?"

मी फाडणारही होते. खोटं सांगत नाही. पण कागद घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला. विचारलं, "टोपल्या किती?"

"अजून एकच."

"मग अजून काही मोजलंच नाहीस."

आम्ही जमिनीवर बसून कागदांचे वयाप्रमाणे तीन ढीग केले. तिशीच्या आतले, तीस ते पंचेचाळीस, आणि त्यावरचे. ढीग होतानाच मला दिसायला लागलं. दारावरचे जवळपास सगळे तरुणांच्या ढिगात, कारण कंत्राटदार पोरसवदाच भरती करतो. वयस्क माणसं इतर कामांवर, आणि आयुष्यभर धूळ खाल्लेल्या वयस्क माणसाला दम लागतोच. मिसळलेल्या टोपलीत तरुण छाती दारावरच्यांचा खोकला झाकत होती.

बाईंनी प्रत्येक ढिगाची चार घरं काढली. दाराचा आणि दम्याचा काही संबंध नसता तर या टोपलीत दारावरचे किती जण दम लागणारे निघाले असते, हे त्या आधी काढायच्या. मग खरोखर किती निघाले ते. दोघांतला फरक बाजूला लिहायच्या. तरुणांत दारावरचे जास्त. मधल्यांतही जास्त. शेवटी त्यांनी फरकांची बेरीज केली, आणि एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो का याचं गणित मांडलं.

"बघून ठेव," त्या म्हणाल्या. "टोपल्या एकत्र करायच्या नाहीत. फरक एकत्र करायचे. आणि तेही सगळ्या टोपल्या एकाच बाजूला झुकत असल्या तरच. एक इकडे आणि एक तिकडे झुकली, तर ती दोन वेगळी दुखणी असतात."

गणित सुटलं. योगायोग नव्हता. मी ओरडलेच. बाईंनी मात्र मधल्या ढिगातला एक कागद वर काढून धरला होता.

"हा संतोष 'इतर'मध्ये कसा?"

मी म्हटलं, "तुमच्याच प्रश्नामुळे. आज काम कोणतं? झाडू."

बाईंनी फॉर्मवरचा स्वतःचा प्रश्न पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "चूक माझी. इस्पितळात आम्ही पेशंटचं आजचं काम लिहायचो. ती सवय नडली. पूर्वी दारावर होतात का, असं विचारायला हवं होतं. दम लागला की दारावरनं काढतात, मग तो माणूस 'इतर'मध्ये जाऊन पडतो."

"मग आता हलवू ना! त्याला दारावरच्यांत टाकू. तो खराच तिथला आहे."

"नाही."

"बाई, ज्याच्यासाठी हे सगळं केलं तोच माणूस उलट्या बाजूला मोजला जातोय!"

"आणखीही असतील तसे. ते तुला माहीत नाहीत. एकटा संतोष हलवायचा, कारण तो आपल्या ओळखीचा? आकडे बघितल्यावर नियम बदलायचा नाही. नवा प्रश्न विचारायचा तर पहिल्या माणसापासून पुन्हा विचारायचा. तेवढे दिवस नाहीत. कागद जसे आले तसेच राहतील."

माझ्याबरोबर आलेला संतोष बाईंच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होता. म्हणाला, "म्हंजे बाई, मी माज्याच इरोधात हाय?"

"हो रे बाबा," बाई म्हणाल्या. "रागावलास?"

तो थोडा हसला, त्याला खोकला आला, तो त्याने ओसरू दिला. "नाय. पन जिंकाल ना?"

"ते मला ठाऊक नाही. पण चूक करायचीच असेल तर आपल्या विरोधात जाणारी करावी, आणि सगळ्यांसमोर सांगून टाकावी. तिचा धाक राहत नाही."

त्या दिवशी मी रागावून घरी गेले. हा कसला हट्ट, असं वाटत राहिलं. आमच्यासाठी ती माणसांच्या फुप्फुसांची लढाई होती आणि बाईंसाठी कागदांच्या सोवळ्याओवळ्याची, असं मी बाबांना म्हणालेसुद्धा.

सुनावणीच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. कामगार कार्यालयाचे साहेब, यार्डाचे दोन अधिकारी, त्यांचा सल्लागार डॉक्टर. आमच्या बाजूला सेक्रेटरी, मी, संतोष आणि बाई. बाईंनी तक्ते मांडले आणि पहिल्या दोन टोपल्या समजावून सांगितल्या. साहेब मान डोलावत होते. सेक्रेटरींचा चेहरा फुलला होता.

"आता तिसरी टोपली," बाई म्हणाल्या. "पंचेचाळीसच्या वरचे. यांत दारावरची माणसं फक्त दोन आहेत. या टोपलीवरून कुणालाच काही म्हणता येणार नाही. मलाही नाही."

टेबलाखाली काहीतरी हाललं. बाई मोठ्याने म्हणाल्या, "सेक्रेटरी, पाय काढा माझ्या पायावरनं."

साहेब हसले. सल्लागार डॉक्टरही हसले आणि उभे राहिले. बोलणं गोड होतं. बाईंकडे बघत म्हणाले, ताईंची तळमळ कळते, पण हा चळवळीतल्या लोकांनी चहाच्या टपरीवर केलेला सर्व्हे आहे. खोकणारा माणूस दिसला की टाका दारावरच्यांत, असं झालं नसेल कशावरून?

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. बाईंनी माझा हात दाबला आणि गठ्ठ्यातून एक कागद काढून साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

"साहेब, हा माणूस इथेच बसलाय. सात वर्षं दारावर होता, दम लागल्यावर यार्डानेच झाडूवर टाकला. माझा प्रश्न चुकला, म्हणून तो 'इतर'मध्ये मोजला गेलाय. म्हणजे यार्डाच्या बाजूने. असे आणखीही असतील. आम्ही एकही कागद हलवलेला नाही."

साहेबांनी कागद पाहिला, मग संतोषकडे पाहिलं. "यांना दारावरच्यांत धरलं तर?"

"तर फरक वाढेल असं मला वाटतं. पण वाटणं मी सांगत नाही. पुन्हा विचारून सांगेन."

पंखा कुरकुरत राहिला. डॉक्टर खाली बसले. आयुष्यभर मी घोषणांनी खोली गप्प होताना पाहिली होती. त्या दिवशी ती एका कबुलीने गप्प झाली. संतोष आमच्या विरोधात मोजला गेला होता, म्हणूनच त्याला कुणी खोडू शकलं नाही. मी ओळखीच्या माणसाला हलवलं असतं तर डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं असतं.

बाहेर आल्यावर सेक्रेटरी बाईंना म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या बाजूच्या की त्यांच्या?"

"मी चहाच्या बाजूची," बाई म्हणाल्या. "टपरी कुठाय?"

निकाल त्या दिवशी लागला नाही. तारीख पडली, मग आणखी एक. बाईंनी दरम्यान नवा फॉर्म करून ठेवला. पहिला प्रश्न, "कधीही दारावर काम केलं आहे का?" त्याच्याखाली स्वतःच्या बारीक अक्षरात माझ्यासाठी, "आधीच्या चुकीची नोंद वर कर, मग सुरुवात."

ती नोंद मी केली. सुरुवातही केली. पण भरलेले कागद दाखवायला बाई राहिल्या नाहीत. चार दिवसांचा ताप, इस्पितळ, आणि संपलं. करंज्याहून त्यांची भावंडं आली. मासळी बाजारातल्या त्या बायकाही आल्या होत्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "आता टोपली कोन उलटवनार गो?" आणि पदर तोंडाला लावून रडली.

बाईंच्या पिशवीत छत्री होती आणि पाठकोरे कागद. त्यांत माझं टँकरचं पत्रक निघालं. त्याच्या मात्र दोन्ही बाजू भरलेल्या होत्या, मग ते पाठकोऱ्या कागदांत ठेवण्याचं कारण काय? मला वाटतं, त्यांना ते आवडलं असावं. तसं कधी बोलल्या नाहीत.

कामगार कार्यालयाचा आदेश पुढे आला. सगळं मिळालं नाही. मुखवट्यांचं अजून भिजत घोंगडं आहे आणि त्यावर माझं पत्रक निघेलच. पण दाराचं मिळालं. डबा उघडल्यावर थांबायचं, मोजायचं, मगच माणूस आत. गेल्या आठवड्यात संतोष मला यार्डाच्या कुंपणापाशी घेऊन गेला. चालताना दोनदा थांबला.

जाळीपलीकडे एक लाल डबा उभा होता. दोन्ही दारं सताड उघडी. दारावर खडूने वेळ लिहिलेली. लांब सावलीत पाचसहा जण पाय पसरून बसले होते, त्यांत त्याचा मेहुणा. कुणीतरी काहीतरी बोललं, ते हसले. कुणी खोकलं नाही, निदान तेवढ्या वेळात तरी.

"तास झाला नाय अजून," संतोष म्हणाला.

आम्ही जाळीला धरून उभे राहिलो. दार उघडं होतं, आणि दारात कुणीही नव्हतं.